तासाची पहिली पाच मिनिटं

दाबोळीच्या धावपट्टीपलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये
एकवीस वर्षं मी यंत्रांचं रडणं तपासलं.
साबणाच्या वडीएवढी, नारिंगी,
वैमानिकाच्या जाकिटात डाव्या खिशात बसणारी.
पिन ओढली की पोलादी पट्टीची एरियल ताडकन उभी राहते
आणि रेडिओत सूर वरून खाली घसरत येतो,
पुन्हा वरून, पुन्हा खाली,
गाय चुकलेल्या वासरासारखा.

नियम होता:
चाचणी फक्त तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत.
तेवढ्यात काय ते खोटं रडून घ्यायचं.
सहाव्या मिनिटाला जो रडेल तो खरा.

त्या दिवशी दहा वाजून बावीस.
नियंत्रण कक्षातून फोन,
बाई, तुमच्याकडचं काही चालू राहिलंय का?
मी टेबलाकडे पाहिलं. सगळी निजलेली.
नाही म्हणाले,
तोवर हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने शेडचे पत्रे थडथडू लागले.

खूण बेतूलजवळ सापडली, पण समुद्रात नव्हे.
साळ नदीच्या मुखातून ती आत सरकत होती,
होडीच्या चालीने.
मिनीन बार्रेटोने थपलियालना बांगड्यांच्या ढिगावर आडवं घालून
घरी आणलं होतं, बलकांवात बसवून पेज दिली होती.
यंत्र बंद कसं करतात, कुणालाच ठाऊक नव्हतं.
त्याच्या बायकोने ते टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेलं,
लाल दिवा आतून लुकलुकत.
"थांबनाच मगो तें," ती जवानांना सांगत होती.

विमानात दोघं होते.

कुरियनचं यंत्र रडलं नाही.
अकरा दिवस कान लावले सगळ्यांनी.
मीही,
तासाची पहिली पाच मिनिटं सोडून.

मासेमारीची बंदी उठली त्या आठवड्यात
ते एका ट्रॉलरच्या जाळ्यात आलं.
कालवं चिकटलेली. पिन जागच्या जागी.
बॅटरीच्या चिठ्ठीवर तारीख, माझी सही.
चौकशीवाल्यांसमोर मीटर लावला,
काटा पूर्ण उजवीकडे गेला.
उपकरण निर्दोष, असं त्यांनी लिहिलं.
साहेब म्हणाले, सुटलात.

आता चिखलीला असते.
भिंतीपलीकडे फुर्तादोंकडे तान्हं बाळ आहे.
दहाच्या ठोक्याला रडलं, तर भांडी घासत राहते.
दहा बावीसला रडलं
की नळ बंद करते.