रकाना

मुंजाजीला बोलावलंय, कारण जागा त्यालाच ठाऊक.
जालन्यात, एमआयडीसीच्या टोकाला, भंगाराच्या यार्डामागं,
कुंपणापासून अठरा पावलं, बाभळीच्या डाव्या अंगाला.
बाभूळ आता नाही. तरी तो
ती होती तिथं वळतो, थांबतो.
"इथं."

पाणी मारून फावडं घातलं, काळी उघडली,
आणि आत पिवळं.
भंडाऱ्यासारखं पिवळं, ढेकळांना चिकटलेलं.
त्याचा हात कपाळाकडं निघाला होता.
मी ओरडले.
हातमोज्यातला हात हवेतच राहिला, शरमल्यासारखा.

सकाळी सगळं सांगितलंय मी:
धूळ उडता कामा नये. मास्क हनुवटीला नाही, नाकाला.
तंबाखू, चुना, फुटाणे गेटाबाहेर.
कपडे इथंच उतरायचे, घरच्या बादलीत न्यायचे नाहीत.
छातीवरचा बिल्ला बाहेरचं मोजतो;
श्वासाबरोबर आत गेलेलं त्याला दिसत नाही.
म्हणून ही बाटली. दिवसभराची लघवी, थेंब न सांडता.
आसराबाई पदराआड हसली.
खय्यूमनं विचारलं, "एसटीत फुटली तर?"

दुपारी मुंजाजीच्या तळव्यावर यंत्र किरकिरलं.
मोजा अंगठ्याशी फाटलेला.
म्हटलं, पुन्हा धुवा.
पुन्हा किरकिर.
"नखात ऱ्हातंय, मॅडम."
तिसऱ्या धुण्याला यंत्र गप्प झालं,
आणि डाव्या तळव्यावर उजवा अंगठा
रिकामाच फिरत राहिला,
नसलेली तंबाखू मळत.

मग फॉर्म. मी वाचत गेले, तो सांगत गेला.
वय बावन्न. गाव बदनापूरकडलं.
यापूर्वी सदर पदार्थाशी संपर्क आला होता काय?
"म्हंजी?"
म्हणजे, याआधी कधी हात लावलाय का?

तो खड्ड्याकडं बघत राहिला.
"म्याच पुरलंय की ते.
एका रात्रीत. चाळीस रुपये जास्तीचे.
एवढुसा तुकडा, पर उचलताना वाटायचं
खालून कुनीतरी धरून ठिवलंय.
मधी भाकर बी खाल्ली, तितंच बसून."

हात धुतले होते का, हे मी विचारलं नाही.
साल विचारलं.
"धाकटी रांगत व्हती तव्हा."

रकाना दोन बोटांचा.
धाकटी आता कुठं असते, कशी असते,
याला फॉर्मात ओळ नाही.
मी लिहिलं: होय.
पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम," तो म्हणाला,
"लई जड व्हतं. ते बी लिवा."