झाडे : निरंक

अर्जाच्या अकराव्या रकान्यात मीच लिहिलं,
जागेवरील झाडे : निरंक.
खोटं नव्हतं. लिंब भिंतीपलीकडे,
गाजुलांच्या परसात.

साखर पेठेतला एप्रिल. चव्वेचाळीस.
टेपचं टोक धरायला माणूस नव्हता,
ते दगडाखाली दाबलं
आणि ज्या सावलीत उभं राहून
प्लॉटची लांबी वहीत उतरवली
ती कुणाची, हे डोक्यातच आलं नाही.

मग उद्यान खात्याचा माणूस आला.
खोडाला मिठी मारल्यागत टेप गुंडाळून म्हणाला,
घेर दोनशे साठ. वय पन्नाशीच्या पुढं.
फांदीलाही हात लावायचा नाही.
नोटीस सुतळीनं बांधली.
खिळा त्याच्या खिशात होता, मारला नाही.

लाईट गेलेली, माग थांबलेले,
म्हणून नरसम्माचं बोलणं ऐकू आलं :
"तुमचा नंबर एकशे बारा, माझा एकशे तेरा.
मुळाला आकडे येतात का हो?"

रात्री नकाशा उघडला.
कॉम्प्युटरमध्ये झाडाचा हिरवा गोल तयारच असतो.
घेराच्या हिशोबानं भिंतीपाशी ठेवला,
तर अर्धा इकडं उतरला.
जिना गेला, पार्किंगचे दोन खांब गेले,
थोरल्याची बेडरूम.

येमूलशेठचा फोन :
"गोल जरा बारीक होतो का, बघा की."

होतो. एका बटणाचं काम.

मी वहीचं ते पान काढून बसलोय.
सगळे आकडे सुबक, कोरडे.
फक्त शेवटचा घामानं फुटलाय,
तिथं सावली संपत होती.