शेवटची दोन अक्षरं

ऑगस्टा, मेन. नदीकडे पाठ करून बसलेली
सरकारी इमारत, खिडकी क्रमांक तीन.
इथे मी बोजे चढवते.
ट्रॅक्टरवर, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीवर,
अजून न तोडलेल्या ख्रिसमसच्या झाडांवर,
गाईच्या पोटातल्या वासरावरसुद्धा.
‘आज आहे ते, आणि यापुढे मिळेल तेही’
असं लिहितात लोक तारणाच्या रकान्यात,
लग्नात शपथ घ्यावी तसं.

मी एवढंच बघायचं: फॉर्म पुरा आहे का, फी बरोबर आहे का.
खरंखोटं माझ्याकडे नाही.
शिक्का. तारीख, तास, मिनिट.
मिनिटालाही इथे किंमत. जो आधी, तो पुढे.

आद्रिएन गान्ये आली तेव्हा कोटावर बर्फ होता
आणि बोलण्यात फ्रेंच.
नवरा गेलेला. त्याची पावाची भट्टी,
लोखंडी, तीन कप्प्यांची, एका बाजूनं जरा जास्तच तापणारी,
तिनं ल्युइस्टनच्या रोलंड व्हिलेटला दिली होती,
पैसे महिन्याच्या महिन्याला.
ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात.
हिनं ससा देऊन टाकला होता,
आणि बदल्यात हा कागद.

व्हिलेट हे नाव तिनं लिहिलं
सरहद्दीपलीकडे तिच्या आईच्या माहेरचे लिहितात तसं,
शेवटी एकच टी.
रोलंडच्या लायसन्सवर दोन टी, वर एक ई.
लायसन्स माझ्यासमोर नव्हतं, हे खरं.
पण सात वर्षं या गावात काढल्यावर
हे आडनाव इथे कसं संपतं ते हाताला ठाऊक असतं.
हात क्षणभर थांबला होता.
दहा वाजून बेचाळीस मिनिटं. शिक्का.

दोन वर्षांनी बँक आली.
तिनं आधी संगणकात नाव टाकलं, बिनचूक,
आणि संगणक म्हणाला,
या माणसावर कुणाचं काही नाही.

बेकरी बुडाली. भट्टी ट्रकवर चढत होती तेव्हा
आद्रिएन फुटपाथवर उभी होती म्हणे,
हातात माझ्या शिक्क्याची प्रत.
वकिलानं तिला समजावलं:
कागद खरा आहे, बाई,
फक्त तो सापडत नाही.

मी ज्ञानदा.
पासपोर्टवर डी-एन-वाय, विजेच्या बिलावर जी-वाय,
लायब्ररीच्या कार्डावर कुणी हौशीनं जे-एन.
कायद्याच्या शोधात मी तीन बायका,
एकीचं कर्ज दुसरीला माहीत नाही.
त्या रात्री मी दोघांना देवनागरीत लिहून पाहिलं.
व्हिलेट.
व्हिलेट.
चूक उतरेचना कागदावर.
आमच्या लिपीत गप्प बसणाऱ्या अक्षराला कुणी पाट मांडत नाही,
आणि इथे त्या दोघा मुक्यांनीच
भट्टी उचलून नेली.

नोंदीचं आयुष्य पाच वर्षं.
शेवटच्या सहा महिन्यांत पुढे चालवली नाही
तर गळून पडते आपसूक, कुणाला कळवतही नाही.
या थंडीत आद्रिएन परत आली.
चालवायचीय पुढे, म्हणाली.

भट्टी आता न्यू हॅम्पशायरात एका पिझ्झावाल्याकडे,
रोलंड फ्लोरिडात, लेकीकडे.
मी नियम मोडून म्हणाले,
यातून तुम्हाला काही मिळायचं नाही.
तिनं चष्मा काढून पुसला.
तारणाच्या रकान्यात वाच, म्हणाली.
वाचलं: ‘माझा नवरा एल्मेर याची भट्टी.’
दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदावर
तो अजून चालू आहे, सांग.

फॉर्म पुरा होता. फी बरोबर होती.
व्हिलेट अजून एकाच टीवर उभा.
दोन वाजून सहा मिनिटं.
शाई ओली होती. ती खिडकीशीच थांबून
कागदावर हलके फुंकर घालत राहिली.
मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं.
मी त्यांना म्हणाले, जरा थांबा.