केसभर लांब

साळव्यांची उत्पला पेटी घेऊन आली तेव्हा
वालूरच्या भजनी मंडळाची पेटी
माझ्या मांडीवर उघडी पडली होती.
म्हणली, चाँदभाई, हिला सुरात आणू नका.
बिघडलीय त्याच्यापेक्षा थोडी जास्त बिघडवून द्या.
नर आणि मादी, दोन्ही पट्ट्या
एकमेकींपासून केसभर लांब ठेवा.

मी चष्मा काढून पुसला.
सेलूच्या मोंढ्यात बसून चाळीस वर्षं
हेच तर काढत आलोय:
भात्याची फुसफुस, कमानीची कुरकुर,
आणि दोन सुरांच्या मधली ती लहर,
वँव वँव वँव,
ती ऐकू येते तोवर पेटी तयार नसते.
टोकाला कानस लावली की सूर चढतो,
मुळाशी लावली की उतरतो.
अब्बांनी एवढंच शिकवलं, आणि एक:
लहर मेली की चहा सांगायचा.

केलं तिचं काम. हात ऐकेना,
दोनदा चुकून बरोबर लागली.
पावतीवर 'दुरुस्ती' लिहिलं, खोडलं,
नुसते दोनशे लिहिले.

शनिवारी बंद जिनिंगच्या शेडात
आम्ही अकरा जण, सरकीच्या रिकाम्या पोत्यांवर.
त्यातला मुंजाजी चौकीदार,
कुलूप लावायचं म्हणून थांबलेला.
उत्पलानं पट्ट्यांच्या फटीत आगकाड्या खोचल्या,
दोन सूर दाबून ठेवले
आणि भाता मारत राहिली.
बस्स. एवढंच.
पाच मिनिटं मी सा शोधला.
दहा मिनिटं सम शोधली, मान तयार ठेवून.
मग दार शोधलं.
दार तिच्या पाठीमागं होतं.

बसलो मग. काय करता.
आणि ही समोर. लहर.
इतका वेळ हिच्यासमोर मी कधी बसलोच नव्हतो.
दिसली की मारायची, तेवढीच आमची ओळख.
आता ती पत्र्यापर्यंत जाऊन परत आली,
जुन्या खांबाला वळसा घालून
पोत्याखालून मांडीत शिरली.
मी मान डावीकडं कलली तर बारीक झाली,
उजवीकडं कलली तर पोटात घुमली.
माझा डावा कान चार वर्षं झाली, अर्धाच चालतो.
त्याच्या वाटणीलाही काहीतरी येत होतं,
उजव्याला न सापडलेलं.
पेटी एकच,
आणि अकरा पोत्यांवर अकरा वाजत असणार.

मुंजाजीनं कोपर मारलं,
ह्ये सुरू कव्हा व्हायलंय?
म्हणलं, झालंय कव्हाच. जरा मान हलीव.
त्यानं माशी बसलेल्या बैलागत मान हलवली
आणि थांबला.
पुन्हा हलवली, आता सावकाश.

सगळंच पटलं असं नाही.
मधेच तिनं भात्यावर नखं ओढली,
ते अजून दाढेत अडकल्यासारखं आहे.
आणि चाळीस मिनिटं जरा जास्तच.
घरी बायकोला सांगायला गेलो
तर तोंडातून वँव वँव एवढंच निघालं.
ती म्हणली, काऊन, दात दुखायलेत का?

सोमवारी वालूरची पेटी घेतली.
एकादशीच्या आत पाहिजे, दोन फोन येऊन गेले.
पट्टी घासली, वाजवली, घासली.
लहर मंद झाली. अजून मंद.
एका वँवपासून दुसऱ्यापर्यंत
समोरून कापसाचा टेम्पो निघून जाईल, इतकी.
एकदाच कानस टेकवायची बाकी.
शेजारी गिरणीची मोटर, पलीकडं रसवंतीची,
त्या दोघींमधेही केसभर काहीतरी होतं
आणि इतकी वर्षं ते माझ्या भिंतीतून ये-जा करत होतं.

पोरगं उंबऱ्यातून म्हणलं,
अब्बा, चहा सांगू का?

म्हणलं, थांब जरा.