आठातले पाच

मानवतहून मारोती रेंगे कार्ड घेऊन आला,
टॉवेलात गुंडाळून, आजारी कोंबडी आणावी तसं.
"शाहीनताई, बघा बरं.
नवरी मंडपात यायली अन् स्क्रीन काळी."
लग्नाचा अर्धा व्हिडिओ निघालेला, अर्धा आतच.

परभणीत दुपारचे अडीच.
तरी पंखा मी बंद केला.
धूळ उडून गेली असती,
आणि मला आधी धूळ वाचायची होती.

मधले चार स्क्रू स्प्रिंगवाले.
ते एका दमात काढायचे नाहीत,
समोरासमोरचे, अर्धा अर्धा वेढा,
नाहीतर चिपच्या कोपऱ्याचा टवका उडतो.
हीटसिंक तरी निघेना. आतली पेस्ट वाळून
कढईच्या बुडाला धरलेल्या पिठल्यागत.

पत्र्यांच्या फटीत वरच्या थराला कापूस.
स्टुडिओमागं जिनिंग आहे, हे विचारावं लागलं नाही.
कापसाखाली काळी माती, मैद्याहून बारीक.
आणि एका कडेला पांढरे पापुद्रे.
"कूलर कुठं ठेवतोस?"
"कंप्युटरच्याच तोंडावर. त्याला गरम होतंय म्हणून."
बोअरचं पाणी.
त्याच्या मायेचे क्षार मी ब्रशनं झाडले.

मग बोर्ड उघडा पडला.
मधोमध चिप, आरशासारखी, तिच्यात माझं नाक.
भोवती मेमरीचे सहा तुकडे,
त्यांच्याकडे जाणाऱ्या रेघा मुद्दाम नागमोडी.
जवळच्याची वाट वळणं घालून लांबवलेली,
म्हणजे लांबचा आणि जवळचा
एकाच क्षणी पोचावा.
हे ज्यानं आखलं त्याला
मी दर वेळी मनातून सलाम करते.

उजवीकडं, जिथून वीज येते,
तिथं बोर्ड दुसऱ्याच माणसाचा वाटतो.
कॉइलची आठ घरं छापलेली, पांढऱ्या शाईत, नंबरासकट.
पाच भरलेली.
तीन ठिकाणी नुसते टिनाचे चकचकीत ठिपके,
ज्यांना कधी कशाचा स्पर्श नाही.
पत्रावळ्या आठ मांडल्या, वाढलं पाचच जागी.
काम मात्र आठांचंच.
एका कार्डामागं किती वाचले असतील?
माझ्या हिशेबानं दोन कट चहाचे.
खोक्यावरच्या वाघाच्या डोळ्यांना
चंदेरी शाई होती.

मीटरची टोकं टेकवली.
पहिलं ठीक. दुसरं ठीक.
तिसऱ्यावर मीटर बोंबललं, थांबेचना.
तिथला मॉस्फेट तुरीच्या दाण्याएवढा,
मधोमध सुईनं टोचल्यासारखं भोक.

मारोतीनं रिकाम्या घरावर बोट ठेवलं.
"हितं लावा की नवा. जागा तर हाय."
नाही चालत रे.
कंट्रोलर पाचपर्यंतच मोजतो,
सहावं घर त्याच्या लेखी नाहीच.

आयटीआयच्या पुस्तिकेत आमच्या ट्रेडला
मुलींच्या सहा जागा छापल्या होत्या.
वर्गात मी एकटी.
उरलेल्या पाच बाकांवर मुलं हेल्मेट ठेवायची.

एका मेलेल्या कार्डावरून दाणा उचलला.
कपाळाचा घाम बोर्डावर पडू नये म्हणून
ओढणी डोक्याला आवळली,
आणि गरम हवेची बंदूक साडेतीनशेवर लावली,
मे महिन्यात, पत्र्याखाली.
टिन एक क्षण मळकं होतं,
मग पाण्यासारखं चमकतं आणि दाणा
आपणहून सरकून जागेवर बसतो.
अठरा वर्षं झाली, अजून मी तेवढ्यापुरता श्वास धरते.

सुरू केलं. दोन्ही पंखे एकदा दचकले, मग फिरले.
नवरी मंडपात आली.
मध्येच अडखळली,
फ्रेम अडकली की काय, मी पुढं वाकले.
"न्हाई ताई," मारोती म्हणाला,
"ती तशीच चालायली तवा. चप्पल नवी होती."

तो अक्षता पडेपर्यंत बघत राहिला.
मी कार्डाच्या पाठीला बोट लावून बसले होते,
तिसरं घर किती तापतंय ते मोजत.