सोमल

हार्बिन, जानेवारी, उणे सत्तावीस.
रात्रपाळीला माझ्यासमोर एक काचपट्टी,
तिच्यावर ग्वान लिच्युनच्या मज्जेचा थेंब.

लिच्युन चौतिशीची, वस्तीला ऊब पुरवणाऱ्या बॉयलरवर कामाला.
आधी दात घासताना रक्त, मग दंडावर निळे डाग.
शेजाऱ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.
त्याने काही केलं नव्हतं.
केलं होतं दोन गुणसूत्रांनी :
पंधराव्याने आणि सतराव्याने आपापली शेपटं बदलली
आणि सांध्यावर एक प्रथिन जन्मलं,
धड इकडचं ना तिकडचं.

निरोगी केंद्रकात हिरवे ठिपके असतात,
दहा-वीस, टपोरे, ज्वारीच्या दाण्यांसारखे.
लिच्युनच्या पेशीत नुसतं पीठ.
जात्याचं तोंड फुटून उडावं तसं,
कोपऱ्याकोपऱ्यात.

डॉक्टर तुंग म्हणाले, सोमल सुरू करा.
तिच्या आईने उभ्या उभ्या भिंत धरली.
"हे मी उंदरांना घालत आले."
कुणी काही बोललं नाही.
दोन तास, थेंब थेंब.

पुढचं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही,
आम्ही ठशांवरून बोलतो.
सोमल त्या बिघडलेल्या प्रथिनाला धरतो
आणि मग येऊन चिकटतं सुमो.
नाव पैलवानाचं,
जीव जेमतेम शंभर अमिनो आम्लांचा.
मारत नाही, कापत नाही;
लायसिनच्या बाहीवर टाचलेली चिठ्ठी, बस्स.
एरवीही त्याचं हेच चाललेलं :
तू आत जा. तू थांब.
तू त्या जनुकावरून ऊठ.
काम झालं की चिठ्ठी काढणारी कात्री येते.
कुठे चिठ्ठी लागलीच नाही, कुठे काढायची राहिली,
तर हृदय थकतं, मेंदूत गाठोडी साचतात,
असं वाचते मी, रात्री, डबा खाताना.

इथे मात्र चिठ्ठीला चिठ्ठी, तिला आणखी एक.
माळ लांबली की ती वाचणारा येतो,
उबिक्विटिनचा शिक्का मारतो :
मोडीत.

दुसऱ्या पहाटेचं रक्त लावलं.
पीठ गोळा होत होतं.
मी भिंग फिरवलं, परत फिरवलं.
दाणे.

लिच्युनला सांगितलं तर ती हसली,
हिरड्या अजून काळ्याच.
म्हणाली, बॉयलरवर आम्हीही असंच करतो.
व्हॉल्व्ह बिघडला की त्याला लाल चिंधी बांधायची.
चिंधीने काय दुरुस्त होतं?
काहीच नाही.
पण पुढच्या पाळीचा माणूस
तिथे थांबतो.

आई अजूनही सलाईनच्या खांबाला हात लागला
की उठून साबणाने धुते,
कोपरापर्यंत,
आणि मग लेकीचे केस विंचरते.