पाण्यासाठी उरलेली जागा

मारिन्या ग्रांदमध्ये सकाळी सातला
काचभट्टीच्या विझलेल्या धुराड्याखाली आमच्या गाड्या लागतात.
इथं एके काळी काच फुंकायचे,
आता पोलाद कोरतात.
अबीलियूचे गाल बापासारखेच सैल आहेत, फुंकणाऱ्याचे,
पण तो स्वतः कधी काही फुंकत नाही,
गरम कॉफीसुद्धा.

साच्यात आधी सगळ्यांना जागा मिळते.
वस्तूच्या आकाराला, ते तर आलंच,
मग स्क्रूंना, इजेक्टर पिनांना, सरकत्या ठोकळ्यांना,
गिऱ्हाइकाच्या नावाच्या चार अक्षरांना.
पाणी शेवटी.
लग्नघरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं
ते दाराशी, चपलांजवळ टेकतं.

आठ वर्षं मी असंच काढत आले.
निळ्या रेघा, दहा मिलिमीटर व्यासाच्या,
पृष्ठभागापासून पंधरावर.
फार जवळ गेलं तर भिंत दबते,
लांब राहिलं तर ऊब तशीच राहते.

पेनीशच्या मासळीवाल्यांचे खोके होते ते.
पहिले शंभर नग टेबलावर मांडले
आणि एकही नीट बसेना.
चारही भिंती आत कललेल्या,
कानात काहीतरी सांगायला वाकाव्यात तशा.
एकतीस सेकंदांचा एक खोका:
चार भरायला, पाच उघडून झटकायला,
आणि बावीस नुसतं थांबायला.
सेन्योरा ओदेत घड्याळाकडे बघत म्हणाली,
अजून थांबवा.
म्हणजे अजून वीज, अजून पगार,
आणि खोका तरीही वाकडाच.

दोष कोपऱ्यात होता. आतल्या.
दोन भिंतींची उष्णता त्या एकाच टोकाच्या पदरी,
आणि माझी रेघ तिथवर पोचलीच नव्हती,
पिनेला वळसा घालून परतली होती
शहाण्या मुलीसारखी.

मी अबीलियूला म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.
तो म्हणाला, मुरत असतं तर बरं होतं.

मग त्यानं पितळेची एक पट्टी कापली, करंगळीएवढी रुंद.
कोपऱ्याच्या पोटात खालून एक आंधळं भोक पाडलं.
पट्टी उभी सारली की एका भोकाची दोन होतात,
पाणी एका अंगानं चढतं,
शेंड्याला ठेचकाळतं,
दुसऱ्या अंगानं उतरतं.
लांब ड्रिल पोलादात भरकटतं, कितीही सरळ घाला.
तो दोनदा थांबला,
तळहात ठोकळ्यावर ठेवून, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
पिन तिथून अडीच मिलिमीटरवर होती, कागदावर.
प्रत्यक्षात किती, ते तो बोलला नाही.
मीही विचारलं नाही.

संथ पाण्याचं सगळ्यांना कौतुक.
पण नळीत संथ पाणी काही कामाचं नाही.
भिंतीला लागलेला थर तापतो आणि तिथंच बसून राहतो,
मधलं गार पाणी कशालाही न शिवता निघून जातं,
सोवळ्यात असल्यासारखं.
मला हवं होतं खळखळणारं,
ज्याला उथळ म्हणून हसतात ते,
आदळणारं, उलटंपालटं होणारं,
थेंबाथेंबाला एकदा तरी भिंतीपर्यंत ढकलणारं.
पंप दीडपट केला. नळ्या थरथरल्या.
पट्टीशी कान नेला तर आत कुणीतरी भांडत होतं.

गुरुवारी रात्री खोका टेबलावर बसला.
मी एका कोपऱ्यावर बोट दाबलं,
समोरचा उचलला नाही.
बावीसचे चौदा झाले.
सेन्योरा ओदेतनं काही न बोलता
घड्याळ काढून खिशात टाकलं.

शनिवारी पिनेच्या कडेला एक थेंब दिसला.

समुद्र इथून दहा किलोमीटर.
दमट हवेत गार साच्याला घाम येतो, येऊ शकतो.
किंवा भिंत अडीच नव्हती, एकच होती,
आणि आता तीही नाही.
अबीलियूनं अंगठ्यानं तो पुसला.
यंत्र बंद केलं.
दोघं स्टुलावर बसलो, दिवा जवळ ओढून.
बाहेर जळक्या पाइनांच्या रांगेत
नवी रोपं लावून परतणारा ट्रॅक्टर घरघरत गेला.

जागा कोरडी होती.
अजून कोरडी होती.
त्यानं कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला,
न फुंकता.